डेस्कटॉप स्वतः जोडताना: पैसे कुठे घालायचे, हात कुठे सांभाळायचा

तयार डेस्कटॉप घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जोडावा, हा प्रश्न बहुतेक जण पहिल्या दिवशीच्या किमतीवर सोडवतात. माझ्या मते तो पाचव्या वर्षाचा विचार करून सोडवावा. पाचव्या वर्षी एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनच्या भागांना पुरवणारा डबा) जळला, तर घरी जोडलेल्या मशीनमध्ये बाजारातला कुठलाही एटीएक्स, म्हणजे सर्वमान्य आकाराचा, एसएमपीएस आणून चार स्क्रूंवर बसवता येतो. कित्येक ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा आकार त्या कंपनीचा स्वतःचा असतो, मदरबोर्डवरचा (सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य बोर्डावरचा) पॉवर कनेक्टर निराळा असतो आणि पुढच्या बटणाची वायरसुद्धा दुसऱ्या कुठल्या बोर्डावर बसत नाही. मग सुटा भाग त्याच कंपनीकडून, ती सांगेल त्या भावाने घ्यावा लागतो.

महागड्या मशीनमध्ये पैसा कुठे जातो, याचं एक उदाहरण बघा. २०२४ साली आलेल्या एम४ मॅक मिनीची भारतातली सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती. २५६ जीबीऐवजी ५१२ जीबी स्टोरेज हवं असेल तर ७९,९००. रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये असते, त्यामुळे पहिल्या दिवशी घेतली तेवढीच कायमची. मूळ किमतीला ते यंत्र उत्तम आहे, वीज फार कमी खातं आणि आवाजही करत नाही. ज्याचं काम तेवढ्यात भागतं त्याने ते खुशाल घ्यावं. पण दरवर्षी वाढत जाणारं काम असेल, तर एक-एक भाग बदलता येणारं मशीन परवडतं.

स्वतः जोडू नये अशाही वेळा असतात. दुकानात किंवा दवाखान्यात बिलिंगसाठी मशीन हवं असेल आणि ते बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस दारात यायला हवा असेल, तर ऑनसाइट वॉरंटीचा ब्रँडेड डेस्कटॉपच बरा. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव प्रचंड चढले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्याने तुटवडा झाला, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात जुन्या स्टॉकमधलं तयार मशीन सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडू शकतं. म्हणून आधी दोन्हींची बेरीज मांडा, आणि त्यात विंडोजच्या लायसन्सची किंमत धरा. तयार मशीनमध्ये ती बहुधा धरलेली असते, आपल्या यादीत ती हमखास राहून जाते.

एक ठरावीक मशीन धरून चालू

सगळ्यांसाठी एकच यादी देता येत नाही. म्हणून घरातला एक डेस्कटॉप धरू. त्यावर फोटो एडिटिंग, डीटीपी, थोडं व्हिडिओचं काम आणि मुलांचा अभ्यास होतो. ग्राफिक्स कार्ड आज नको, पण वर्ष-दीड वर्षाने घालता यायला हवं.

प्रोसेसर: एएमडी रायझन ५ ७६००. सहा कोर, बारा थ्रेड. याच्या खोक्यात कूलर येतो, आणि प्रोसेसरच्या आतच छोटं ग्राफिक्स असल्यामुळे कार्डाशिवाय स्क्रीन चालते. नावात थोडा फरक पडला तरी गोष्टी बदलतात, तेव्हा नीट वाचून घ्या. ७६००एक्सच्या खोक्यात कूलर नसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. कार्डाशिवायच थोडे गेम खेळायचे असतील तर ८६००जी बघा, त्यातलं ग्राफिक्स बरंच ताकदीचं आहे.

मी इथे एएमडी निवडतो ते सॉकेटसाठी, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेसाठी. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवण्याचं कंपनीने जाहीर केलंय. याआधीच्या एएम४ वर लोकांनी त्याच बोर्डावर दोन-दोन पिढ्या पुढचे प्रोसेसर बसवले.

मदरबोर्ड: बी६५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स आकाराचा. हा बोर्ड जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटर असतो, पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. रॅमच्या चार पट्ट्यांची जागा, एम.२ चे (एसएसडी बसवायचे) दोन स्लॉट, आणि मागच्या बाजूला बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम) फ्लॅश करण्याचं बटण, एवढं बघा. या बटणामुळे उद्या नव्या पिढीचा प्रोसेसर घेतला तर जुना न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतं. रंगीत दिव्यांसाठी पैसे देऊ नका. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक एलईडी आहेत का ते मात्र जरूर बघा. मशीन सुरू होत नाही तेव्हा कुठे अडलंय ते हे दिवे सांगतात.

रॅम: डीडीआर५ जातीची, ६००० वेगाची, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. एएम५ ला याच वेगाच्या आसपासची रॅम सगळ्यात छान मानवते. आजच्या भावात दोन झेपत नसतील तर १६ ची एकच घ्या आणि पाकिटावरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून ठेवा. नंतर दुसरी आणताना तोच नंबर मागा, कारण वेगवेगळ्या जातीच्या पट्ट्या एकत्र पूर्ण वेगाने चालतीलच असं नाही.

एसएसडी: एक टीबीची एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान जात), २२८० आकाराची (२२ मिलिमीटर रुंद, ८० लांब), पाच वर्षं वॉरंटीची.

कॅबिनेट: पुढची बाजू जाळीची हवी. समोरून सपाट काच असलेली कॅबिनेटं दिसतात देखणी, पण त्यात हवा शिरायला जागाच नसते. धुळीची जाळी सहज काढता येते का, आणि आत किती लांबीचं कार्ड व किती उंचीचा कूलर बसतो, हे आकडे खोक्यावर छापलेले असतात.

एसएमपीएसवर हात आखडू नका

बजेट ताणलं की बहुतेक जण पहिली काटछाट इथे करतात. तिथे नेमकं उलटं करायला हवं. बाकी कुठलाही भाग स्वस्तातला निघाला तर फार तर तो एकटा बिघडतो. एसएमपीएस बिघडताना बोर्ड, एसएसडी, कार्ड, ज्यांना ज्यांना तो वीज देतो त्या सगळ्यांना घेऊन जाऊ शकतो.

आधी गरज किती ते काढू. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो. उद्या आरटीएक्स ५०६० सारखं कार्ड घातलं तर त्याचे १४५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मोकळ्या हाताने ६० धरा. बेरीज ३०० च्या आत येते. तेव्हा चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. दुकानदार ८५० चा घ्या म्हणेल, त्याची गरज नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा ‘५०० वॅट’चा घेऊ नका, कारण त्याच्या स्टिकरवरचा आकडा भरवशाचा नसतो.

८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते आणि किती उष्णतेत जाते. सुरक्षेची हमी त्यात नाही. त्यासाठी वॉरंटी बघा. पाच वर्षांपेक्षा कमी वॉरंटी देणारा एसएमपीएस मी कुणालाच सुचवत नाही. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा घेतलात तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. त्याच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावायच्या नाहीत, मग कंपनी तीच का असेना. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांना कसलंही सर्वमान्य मोजमाप नाही. केबल अगदी बरोबर बसते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन ड्राइव्ह जळतो.

खरेदी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड, हे यासाठीचे जुने बाजार. पुण्याच्या तापकीर गल्लीत केबल, पंखे आणि बारीकसारीक सामान मिळतं. ऑनलाइन भाव आधी बघून ठेवा, मग दुकानात पूर्ण यादी एकदम द्या. एक-एक भाग विचारत बसलात तर भाव तुटत नाही.

पक्कं जीएसटी बिल घ्या. “बिल नको असेल तर अठरा टक्के सुटतील” असं कुणी म्हणालं तर तिथून निघा, कारण वॉरंटीसाठी पुढे बिलच लागतं. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर खोकाबंदच हवा. ‘ट्रे’चा, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण खोक्यातल्याला मिळते ती तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी त्याला नसते. स्वतःच्या व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर नंबर बिलावर घाला, इनपुट क्रेडिट मिळतं.

सेकंडहँड कार्ड घेण्यात गैर काही नाही. फक्त ते समोर चालवून, अर्धा तास लोड देऊन, पंख्याचा आवाज ऐकून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं चालवून ते कमावणं) थांबलं, तेव्हा वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेली कार्डं बाजारात आली आणि त्यातली अजूनही फिरताहेत. एसएमपीएस मात्र सेकंडहँड नको.

आधी घरातली वीज

मशीन जिथे ठेवणार तिथल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे जोडणीच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. चालू मशीनच्या कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह कॅबिनेटवर येतो आणि तो जमिनीत जायला वाट नसते. पुष्कळ घरांत लोक याला ‘थोडा करंट येतो’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरवर लावणं म्हणजे हीच वाट स्वतःच्या हाताने बंद करणं.

यूपीएस ६०० व्हीएचा घेतला तर तो साधारण ३६० वॅटचाच असतो. मॉनिटर आणि उद्याचं कार्ड धरून १००० व्हीएच्या पुढचा घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याच्यावरचं बटण यूपीएस मोडला ठेवा, नाहीतर वीज जाताना मशीन रीस्टार्ट होईल.

जोडणी

दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, एम.२ साठी त्याहून बारीक एक, केबल बांधायला झिप टाय आणि भरपूर उजेड असलेलं लाकडी टेबल. बाकी काही लागत नाही. खाली गालिचा किंवा चादर नको. स्थिर विजेसाठी अधूनमधून हात एखाद्या अर्थ केलेल्या धातूला लावत राहा. सुती कपडे घाला, पंखा बंद करा आणि घाई करू नका. पहिल्यांदा जोडताना अख्खी दुपार राखून ठेवावी.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. सॉकेटची दांडी जरा बाहेर ओढून वर उचला, झाकण उघडा. एएम५ मध्ये १,७१८ पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरखाली फक्त सपाट ठिपके. म्हणून या क्षणी सॉकेटवर काहीही पडता कामा नये, बोटही टेकता कामा नये. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. प्रोसेसर दोन्ही कडांना धरा, त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि अलगद सोडा. दाबायचं नाही, तो आपल्या वजनाने बसतो. मग झाकण लावून दांडी खाली दाबा. इथे मात्र जोर लागतो, करकर आवाजही येतो, आणि वरचं काळं प्लास्टिक टपकन निघतं. ते प्लास्टिक टाकू नका. बोर्ड कधी वॉरंटीत द्यायचा झाला तर सॉकेटवर ते लावूनच द्यावा लागतो.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पट्टीतली चीर खाचेतल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकं अंगठ्याने टच्चकन आवाज येईपर्यंत दाबा. मशीन पहिल्यांदा सुरू न होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अर्धवट बसलेली रॅम.

एसएसडी प्रोसेसरच्या जवळच्या एम.२ स्लॉटमध्ये तिरकी सरकवा, मग आडवी दाबून तिचा बारीक स्क्रू लावा. वर धातूची पट्टी बसवायची असेल तर तिच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म सोलून काढा.

७६०० सोबतचा कूलर थेट स्क्रूंनी बसतो. त्यासाठी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे ब्रॅकेट आधी काढावे लागतात. त्याच्या तळाला पेस्ट लावलेलीच असते, वेगळी लावू नका. चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, प्रत्येकाला दोन-दोन वेढे देत आवळा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर.

आता बोर्ड कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी खोक्यावरच चालवून बघा. एसएमपीएसचा चोवीस पिनचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरचा आठ पिनचा लावा, एचडीएमआय केबल बोर्डाला जोडा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरेल. स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील आणि डीरॅमचा दिवा पेटलेला दिसेल. इथे घाबरून बंद करू नका. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे तिच्याशी जुळवून घेण्याचं काम, करत असतो. निदान दहा मिनिटं थांबा. बायोसची स्क्रीन आली की बंद करून पुढे जा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, पण खराब बोर्ड किंवा रॅम इथेच पकडली तर सगळं उसवायचे कष्ट वाचतात.

कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे बारीक खुंट) असतात. ते फक्त बोर्डाच्या भोकांखालीच असायला हवेत. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. मागची पत्र्याची आयओ शील्ड (बोर्डाच्या मागच्या पोर्टांभोवतीची पट्टी) सुटी असेल तर ती आधी बसवा. प्रोसेसरची आठ पिनची केबल वरच्या डाव्या कोपऱ्यातून आधीच ओढून ठेवा, बोर्ड बसल्यावर तिथे हात जात नाही. ती आणि कार्डाची केबल दिसायला सारख्या असतात. टोकावर सीपीयू किंवा पीसीआयई लिहिलेलं असतं, ते वाचूनच लावा. बसत नसेल तर जोर लावू नका.

पुढच्या बटणाच्या बारीक वायरींसाठी बोर्डाच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवा. स्विचला उलटसुलट नसतं, एलईडीला असतं. यूएसबीचा जाडा कनेक्टर सरळ दाबा, त्याच्या पिना फार लवकर वाकतात. पंखे पुढून हवा आत आणि मागून बाहेर असे हवेत. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते.

बायोस, विंडोज, चाचणी

बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम तिच्या मूळ कमी वेगावरच चालत राहते. इंटेलच्या बोर्डांवर यालाच एक्सएमपी म्हणतात.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा. त्याच पेनड्राइव्हवर बोर्डाच्या वेबसाइटवरचा लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर टाकून ठेवा, कारण इन्स्टॉल करताना इंटरनेट मागितलं जातं आणि नेमका तोच ड्रायव्हर विंडोजकडे नसतो. विंडोज १० टाकायचा विचार करू नका, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लायसन्सवर खर्च करायचा नसेल तर लिनक्स मिंट घाला. ब्राउझर, लिब्रे ऑफिस आणि इन्स्क्रिप्टने मराठी टायपिंग त्यावर उत्तम चालतं. फोटोशॉप किंवा पेजमेकरमधल्या जुन्या फाइल्स हा तुमचा पोटापाण्याचा भाग असेल, तर मात्र विंडोजच.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी एक-एक पट्टी वेगळी लावून तपासा आणि खराब असेल ती बदलून घ्या, ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका. रॅममधली चूक फाइल्स हळूहळू बिघडवते आणि महिनोन्‌महिने कळत नाही. मग प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा सिनेबेंच हा प्रोग्राम दहा मिनिटं चालवून, एचडब्ल्यूइन्फो या दुसऱ्या प्रोग्राममध्ये तापमान बघा. ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. पुण्यात डिसेंबरमध्ये केलेली चाचणी नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात लागू पडत नाही. खोलीच ४० अंशांवर गेली की सोबतचा छोटा कूलर अपुरा पडतो. विदर्भात, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी पहिल्याच खरेदीत उभा टॉवर कूलर घ्यावा. तेव्हा पेस्ट मात्र वेगळी लागू शकते, वाटाण्याएवढी मधोमध.

पुढची वर्षं

जाळी महिन्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून लावा. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरा, वाऱ्याने जोरात फिरू दिली तर बेअरिंग जातं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एकदा मशीन तासभर चालू ठेवावं, आतला ओलावा निघून जातो. विजा चमकायला लागल्या की प्लग आणि लॅनची वायर, दोन्ही काढा.

कार्ड घालायची वेळ आली की मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डाला लावा. नवं कार्ड घेऊनही फरक पडला नाही असं म्हणणाऱ्यांची केबल पुष्कळदा जुन्याच जागी असते.

सगळे खोके, बिलं आणि उरलेले स्क्रू एका पिशवीत जपा. काही वर्षांनी मशीन दर वेळी जुनीच तारीख दाखवायला लागलं, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय असं समजा. तो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. बदलल्यावर बहुतेक बोर्डांवर बायोसची सेटिंग पुसली जातात, तेव्हा एक्स्पो पुन्हा चालू करायला विसरू नका.